भेजा माझा, मुंडी तुमची

१ जून २०२५, रविवार
संकल्प. पीएचडी ३१ जुलैच्या आत. ही शेवटची मुदतवाढ, नंतर रजिस्ट्रेशन रद्द. पण तो प्रश्नच येत नाही. विषयच असा घेतलाय की कुणाची हात लावायची टाप नाही : इंटरसेक्स शेळ्यांमधल्या पिट्युटरी ग्रंथीची रचना आणि कार्य. म्हणजे धड नर नाही, धड मादी नाही अशा जन्मलेल्या शेळ्या. बायकोने, जयंतीने, विचारलं की अशी शेळी मुलुंडात कुठे मिळणार. घरातूनच सुरुंग!

५ जून
नॉर्मल शेळ्यांच्या ग्रंथी बाटल्यांत तयार. आमच्या व्हेटरनरी कॉलेजचा लॅब अटेंडंट नंदू खाटकाकडून मुंड्या आणतो, ग्रंथी काढून देतो. लेबलं मी लावतो. आता इंटरसेक्स एक हवी. फक्त एक. गाईड शर्मिष्ठाला तसा मेसेज टाकला. ब्लू टिक, उत्तर नाही. ही माझीच विद्यार्थिनी. हिला मायक्रोस्कोपची काच पुसायला मी शिकवलं. असो.

१५ जून, रविवार
सापडली!! सोसायटीचा प्लंबर दशरथ नळ बसवताना सहज बोलला. भांडुपच्या टेकडीवर त्याच्या आईची शेळी आहे, चार वर्षांची. गाभण राहत नाही, बोकडासारखा वास मारते, उलट दुसऱ्या शेळ्यांवर चढते. नळ तसाच टाकायला लावून त्याला रिक्षात घातलं. (जयंती ओरडत होती. किचनमध्ये पाणी.) शेळीला शिंगं नाहीत, मान जाड, दाढी झकास. मागूनही नीट तपासली. शंभर टक्के इंटरसेक्स. नाव चंद्री. खिशातलं ग्लुकोज बिस्किट दिलं, तिने खाल्लं. जमलं आमचं.

१८ जून
प्रबंधाचा पहिला परिच्छेद लिहिला. पिट्युटरी म्हणजे हेड ऑफिस. हरभऱ्याएवढी असते, मेंदूच्या खाली बारीक देठाला लटकलेली, कवटीच्या तळाशी हाडाच्या वाटीत गच्च बसलेली. हे मी फर्स्ट इयरला वीस वर्षं शिकवतोय. ती तिथून हुकूम सोडते. इंटरसेक्स शेळीत खालचं ब्रँच ऑफिस, म्हणजे जननग्रंथी, धड उत्तरच देत नाही. मग ही बिचारी मेमोवर मेमो पाठवत राहते आणि तिच्या पेशी फुगतात. किती मोठा विश्वासघात! शर्मिष्ठाला परिच्छेद पाठवला. ब्लू टिक.

२९ जून, रविवार
दशरथची आई जानकीमावशी कापायला तयार नाही. चंद्रीची आई विताना मेली, हिला मावशीने बाटलीने दूध पाजून वाढवलं, रात्री कुशीत घेऊन झोपायची वगैरे. मी शास्त्रीय भाषेत समजावलं. ही जन्मात विणार नाही, दूध देणार नाही, नुसता चारा खाणार, पुढे आजारी पडून हाल होतील. (शेवटचं मी जरा वाढवून सांगितलं.) त्यापेक्षा गटारीला कापा, म्हटलं, घरी चार माणसं जेवतील. मावशीने चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, तुमी शिकलेले, तुमका जास्त कळता.
दशरथला मुंडीचा रस्सा म्हणजे जीव की प्राण. मी म्हटलं, मुंडी तुमची, मटण तुमचं, मला नुसता भेजा द्या. माझ्या उदारपणाने तो भारावला.

६ जुलै, रविवार
चंद्री मला लांबून ओळखते. धावत येते, खिसा हुंगते. याला रॅपो म्हणतात. मेथडॉलॉजीच्या प्रकरणात टाकावं.

१४ जुलै
नंदू गावी गेला. ऐन वेळी दगा! रजेच्या अर्जावर सही माझीच निघाली, पण त्याने तोंडी आठवण करायला नको?

२० जुलै, रविवार. सकाळी
गटारी. फॉर्मलिनची बाटली घेतली. बिस्किटं सवयीने घेतली.

दुपारी
कापताना मी टपरीवर चहा पीत होतो. संशोधकाने अलिप्त राहावं. शिवाय मला बघून ती दोरी ताणून यायला लागली, ते बरं दिसत नव्हतं. दशरथने भेजा अख्खा काढून डब्यात आणून दिला, मी तसाच बाटलीत सोडला. मग जेवायला बसवलं. मुंडीचा रस्सा अप्रतिम. हाडं फोडून शिजवल्याने सगळा अर्क उतरतो. दोनदा घेतला. मावशी जेवली नाही, बाहेर कट्ट्यावर बसून होती. तिचा रविवारी उपास असावा.

संध्याकाळी
बाटली दिव्यासमोर धरली. भेजा उलटा केला. मेंदूच्या खाली देठाचं तुटकं टोक. टोकाला काही नाही.
ग्रंथी कवटीत राहिली. हाडाच्या वाटीत.
वाटी रश्श्यात होती.
वाट लागली.

२१ जुलै
सगळ्यांनी मिळून मला बुडवलं. दशरथने भेजा ओढून काढला. नंदू रजेवर. शर्मिष्ठाने एका शब्दाने सावध केलं नाही. आज मात्र तिचा फोन आला, म्हणाली, सर, अख्खी कवटी घ्यायची असते, तुम्हीच तर शिकवलं होतं. मी फोन ठेवला. जयंती हसली नाही, हे त्याहून वाईट. नुसतं म्हणाली, म्हणजे तुम्हीच खाल्लीत.

३१ जुलै
रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचा मेल आला. संध्याकाळी भांडुपला गेलो. एखादं हाड उरलं असेल तर बघावं म्हणून, दुसरं काही नाही. दशरथ म्हणाला, ती तर त्याच दिवशी कुत्र्यांना घातली.
निघताना जानकीमावशीने हाक मारली. गोठ्यात दोरी तशीच बांधलेली. मावशीने विचारलं, माझ्या चंद्रीचा तुमका होया होता ता गावला मा? मी हो म्हटलं. गावला, म्हटलं, मोठं काम झालं तिचं, आता पुस्तकात नाव येईल. मावशीने पदराने डोळे पुसले, म्हणाली, मग बरा झाला, फुकट नाय गेली.
खिशात हात घातला तर बिस्किटांचा चुरा होता.