ओल्या दुपट्यांचा अहवाल

ता. ३ मार्च

चि. मास्तरांस,

अ. उ. आ. वि. वि. माझ्या पाळणाघरासाठी तू लिहून दिलेला अहवाल वरपर्यंत पोचला आणि चक्क वाचलाही गेला, अभिनंदन. ‘दोन सेविका कमी असतानाही पाळणाघरातील एकही बाळ ओल्या दुपट्यात राहिले नाही’ हे तुझं वाक्य विभागाने आदेशात जसंच्या तसं घेतलंय. खाली लिहिलंय, सबब त्या दोन जागांची गरज दिसत नाही. एप्रिलपासून त्यांचं अनुदान बंद. अरे, मी माणसं मागत होते! तू माझी पाठ थोपटलीस आणि त्यांनी पोटावर पाय दिला.

गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही असू दे.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. चूक कबूल. तीस वर्षं शाळेचे अहवाल लिहिले. छप्पर गळत असलं तरी ‘अडचणींवर मात करून’ असं लिहायची हाताला खोड. आपल्या घरात रडगाणं कधी कोणी कागदावर मांडलं नाही. तूही वाचून छान म्हणाली होतीस, याची आठवण देतो आणि लगेच वाकून नमस्कार करतो.

सोबत दुरुस्तीपत्र आहे. बाळं तासन्‌तास ओली राहिली, असं त्यात लिहिलंय. डोळे मिटून सही कर. राग ओसरला की आशीर्वाद पाठव.

तुझा मास्तर

ता. १७ मार्च

चि. मास्तरांस,

अ. उ. आ. तुझं पत्र घेऊन विभागात गेले. दोन तास बाकावर. साहेब गोड माणूस. म्हणाले, बाई, बाळं ओली राहिली असतील तर परवाना रद्द करावा लागेल. राहिली नसतील तर अनुदान कशाला? काय लिहून घेऊ, सांगा. मी कागद पर्समध्ये परत घातला. खोटंच होतं ते. एकही बाळ ओलं राहिलं नव्हतं, माझी कंबर साक्षीला आहे.

आता फी दुप्पट करायची, नाहीतर तान्ह्यांची खोली बंद. पाचही बाळांच्या आयांना बोलावून सांगितलं. बस चालवणारी, पहाटेच्या पाळीची, सगळ्यात शांत होती. म्हणाली, म्हणजे बस मी तुमच्यासाठीच चालवायची. त्यापेक्षा घरी बसते. टोमणा नव्हता त्यात, म्हणूनच लागला.

आठवण ठेव.

ताई

ता. २२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. निवृत्त झाल्यापासून मी घरात नुसता लुडबुडतो, अशी तुझ्या भावजयीची तक्रार आहे. सोमवारी येतो. बिनपगारी. दुपटी बदलीन, बाटल्या उकळीन, बाळांना सोसेल तेवढं गाईन. खोली बंद करू नकोस.

नाही म्हणू नये, ही विनंती.

मास्तर

ता. २ एप्रिल

चि. मास्तरांस,

अ. उ. आ. तारेसारखा निरोप धाडून तुला थांबवलं, त्याचं कारण आता सवडीने लिहिते. तू आलास की खोली चालेल. चालली की पुढच्या वर्षी उरलेल्या तीन सेविकांचीही गरज दिसणार नाही. मग तू आणि मी, मरेपर्यंत दुपटी. मी थकलेय रे. तुलाही थकवून काय मिळवू?

खोली काल बंद केली. बसवालीने राजीनामा दिलाय. बाळाची उशी तेवढी घेऊन गेली. तिमाही अहवाल या वेळी मीच लिहिला, तीन ओळी. दोन सेविका नाहीत. पाच बाळं घरी पाठवली. एका आईची नोकरी गेली.

आज साहेबांचा फोन आला. जरा सकारात्मक लिहिता येईल का, म्हणाले. मी माझ्या तीन ओळी पुन्हा वाचत होते. लाइन तुटली असं समजून ते हॅलो हॅलो करत राहिले. फोन तान्ह्यांच्या खोलीत आहे ना. एरवी माझ्यामागे कोणीतरी रडत असतं.

माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई