हातमोज्यांच्या कारखान्यातला चोर

४ नोव्हेंबर, मंगळवार

महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत अँटिक सेंटरच्या अर्लिसला सपर क्लबात शुक्रवारच्या फिश फ्रायला, तळलेल्या माशांच्या जेवणाला, बोलवायचंच. ठरलं. लिहून ठेवलं म्हणजे फिरवता येत नाही.

बायको, लोर्ना, हवापालटासाठी बहिणीकडे ॲरिझोनाला गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिकडची हवा तिला मानवलेली दिसते. मध्ये घटस्फोटाचे कागद पाठवले होते. टॅक्सच्या सोयीसाठी असावेत. सही करून दिली. ती बहुधा परत येणार नाही असं हल्ली मला वाटू लागलं आहे.

सकाळी अँटिक सेंटरला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात. दार उघडायच्या आधीच हजर. लोकांसाठी ते अँटिक सेंटर, माझ्यासाठी अजून हातमोज्यांचा कारखानाच. वरच्या मजल्यावर खिडकीशी माझं टेबल असायचं. जोड्या तपासायचो. डावा, उजवा, शिवण, माप, रंग. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही विजोड जोडी बाहेर गेली नाही. गेली असल्यास तक्रार आली नाही.

कारखाना बंद पडल्यावर मालकाने गाळे पाडून चाळीसेक विक्रेत्यांना भाड्याने दिले. विक्रेते अधूनमधून येतात, माल मांडतात, प्रत्येक वस्तूला आपल्या गाळ्याच्या नंबरची चिठ्ठी बांधतात आणि निघून जातात. सगळ्यांच्या वतीने पैसे घ्यायला खाली दाराशी एकटी अर्लिस. परिणाम असा की कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. कप आठ नंबरात, त्याची बशी तेहेतिसात. एका छपराखाली राहून एकमेकांचं तोंड दिसत नाही. मला बघवत नाही. वेळ मिळेल तसं जुळवून देतो.

आज कोंबड्याची मीठदाणी सव्विसात दिसली, तिची जोडीदारीण, कोंबडीची मिरपूडदाणी, अकरात. दोघांना सव्विसात शेजारी बसवलं. कोंबडीची चिठ्ठी कापून टाकली. जोडीला दोन किमती बऱ्या दिसत नाहीत. दोन नंबरवाल्या ड्वेनच्या गाळ्यात एक पितळी मेणबत्तीचा स्टँड धूळ खात पडला होता, तोही सव्विसात त्याच्या भावाजवळ नेला. आभाराची अपेक्षा नाही.

अर्लिसने माझा कोट मागून घेतला, स्वतः काउंटरमागे टांगला. म्हणाली, वर उकडतं हो व्हर्लिन, कशाला अंगावर वागवता. वर अजिबात उकडत नाही. तिथला हीटर बंद असतो. म्हणजे कोट आपल्याजवळ असावा ही तिची इच्छा. नोंद घेतली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अर्लिस दोनदा वर आली. दोन्ही वेळा मी होतो तिथेच तिला धूळ दिसली. फडका हातात होता, फिरवत नव्हती. विचारलं, काही हवं होतं का? मी म्हणालो, हवं ते समोर आहे. (माझ्या मते छान बोललो.) ती माझ्या हातातल्या बशीकडे बघत राहिली. लाजली असावी.

ड्वेन खाली स्टुलावर ठाण मांडून. गाळा नंबर दोन, जुनी हत्यारं आणि बिअरच्या पाट्या. बाकी विक्रेते कधीतरी उगवतात, हा रोज. येताना अर्लिससाठी कॉफी आणतो. कॉफीच्या बदल्यात गरम जागा. अशा माणसांना मी ओळखून आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भयंकर दिवस.

आज विचारणार होतो. टाय लावला होता. आत पाऊल टाकतो तो काउंटरपाशी आरडाओरडा. ड्वेन टेबलावर मूठ आपटत होता. त्याचा पितळी स्टँड गेला. अकरावाल्या बाईंची मिरपूडदाणी गेली. आठवालीचा कप गेला. दुकानात चोर शिरला आहे! ड्वेन म्हणाला, बाहेरचा नाही, रोजचाच कुणीतरी आहे, मी पैजेवर सांगतो. हे म्हणताना माझ्याकडे बघत होता. आधार शोधत असावा.

मालकाने अर्लिसला सांगून टाकलं आहे की थँक्सगिव्हिंगपर्यंत चोर सापडला नाही तर निम्मे विक्रेते गाळे सोडणार आणि मग तिलाही घरी बसावं लागेल. ती चष्मा पुसत होती.   तिच्यावाचून ही जागा म्हणजे नुसत्या विटा, आणि त्या विटांत येण्यावाचून मला दुसरं काही नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

प्रतिज्ञा: चोर मी पकडणार. मग फिश फ्राय.

(ड्वेनच्या स्टँडबद्दल थोडा गोंधळलो. मंगळवारीच त्याचा एक स्टँड मी सव्विसात नीट लावला आहे, तो जागेवर आहे, पाहून आलो. म्हणजे त्याच्याकडे दोन होते आणि चोराने दुसरा नेला. आपल्याकडे किती माल आहे हेही ह्या माणसाला ठाऊक नाही.)

रात्री फिश फ्रायला एकटाच गेलो. कॉड मासा बरा होता. कोबीचा कोलस्लॉ जास्त दिला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाळत सुरू. डोळ्यांत तेल घालून.

संशयित एक: मोठ्या पिशवीवाली बाई. पिशवीत लोकर निघाली. संशयित दोन: ड्वेन. स्वतःचा माल चोरून बोंब मारणारे पाहिले आहेत. म्हणजे ऐकले आहेत.

नुसतं उभं राहून वेळ जाईना, म्हणून एक निळी साखरदाणी तिच्या दुधाच्या भांड्याशी नेऊन लावली. पाळत ठेवतानाही हात रिकामे नसावेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

अर्लिस फोनवर बोलत होती. मी कोट घ्यायला काउंटरमागे डोकावलो. गल्ल्याच्या आतल्या बाजूला, फक्त तिलाच दिसेल असा, एक फोटो चिकटवला होता. माझा!

जिन्यावरून काढलेला. माझ्या नकळत. पाठमोरा आहे, डोक्यावरचं विरळ जरा जास्तच दिसतं, पण मीच. खाली पेनाने वेळ आणि वार. आपलं माणूस असल्याशिवाय कोणी फोटो एवढा जपून ठेवेल का?

तिने मला पाहिलं, पटकन गल्ल्याचं झाकण पाडलं. चेहरा लालबुंद.  तिचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे. जेवण गेलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ड्वेनने वर बसवायला कॅमेरा आणला. कल्पना चांगली, म्हणजे माझ्याही मनात होतीच. शिडी मी धरली. जागाही मीच दाखवली: सव्विसाच्या बरोबर वर, तिथून सगळं दिसतं, मी तिथेच तर असतो. ड्वेन शिडीवरून खाली बघत म्हणाला, कमाल आहे बुवा तुझी, तुला भीती म्हणून नाही वाटत? मी म्हणालो, भीती चोराला वाटेल.  पाना दोनदा त्याच्या हातातून पडला.

नंतर अर्लिसने मला जिन्याखाली गाठलं. आवाज अगदी खाली. म्हणाली, व्हर्लिन, तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?

मी सावरून उभा राहिलो. म्हणालो, आहे, पण आज नाही, पुढच्या शनिवारी. सगळ्यांसमोर सांगेन.

तर म्हणाली, अहो सगळ्यांसमोर कशाला? मला एकटीला सांगा ना. मी सांभाळून घेईन. मालकालाही समजावीन. उगाच बोभाटा नको.

मालकाला समजावणार! इतका पुढचा विचार तिने करून ठेवला आहे. डोळे भरून आले होते तिचे. मी तिचा हात थोपटला आणि म्हणालो, धीर धरा. ती भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्या बोलण्याचा परिणाम.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हातात काही न घेता विचारणं बरं दिसणार नाही. अंगठीचा विचार केला, फार होईल. मग सुचलं. एकतीस नंबरात आमच्या कारखान्याचा एक हातमोजा पडून आहे, तपकिरी, बायकांचं माप, उजवा. त्याचा डावा तीन नंबरात. शिवणीवरून सांगतो, एकाच दिवशी शिवलेले. जोडी शनिवारी रीतसर विकत घेऊन तिच्या हातात ठेवणार.

मध्ये कुणी एकटा हातमोजा उचलून नेऊ नये म्हणून डावा आजच वर आणला. हातात दिसला तर ती ओळखेल आणि गंमत जाईल, म्हणून शर्टात घातला. इकडेतिकडे बघून घेतलं. मग सव्विसात, टोपल्यांच्या मागे, दोघांना एकत्र ठेवलं. चिठ्ठ्या दोन्ही कापल्या. भेटवस्तूवर किंमत नसते. शनिवारी अर्लिसला मूळ किंमत सांगेन, पाठ आहे.

चोर अजून सापडला नाही. मात्र मला आतून वाटतं आहे की मी त्याच्या फार जवळ आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो.

हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. गाव ओस. ड्वेन आयुष्यात पहिल्यांदा शिकारीला गेला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी टाय आणि चौकड्यांचा चांगला शर्ट घालून पोचलो. मालक आले होते. अर्लिस म्हणाली, व्हर्लिन, चोर सापडला, आत या. मला वाटलं, सल्ल्यासाठी बोलावलं. खुर्ची पुढे ओढून बसलो.

ड्वेनने पडद्यावर चित्र लावलं. वरचा मजला. एक माणूस आला, पाठमोरा. खांदे पडलेले, डोक्यावर मधोमध टक्कल. चोरासारखा इकडेतिकडे बघतो. मग शर्टातून काहीतरी काढतो, टोपल्यांमागे खुपसतो, खिशातून कात्री काढून चिठ्ठ्या कापतो. मी ओरडलोच, हाच तो! चालीवरून कळतं, सराईत आहे! ह्याला आधीच धरायला हवा होता.

अर्लिसने चष्मा काढला.

ड्वेन म्हणाला, शर्ट ओळखीचा वाटतो का रे? मी म्हणालो, असे शर्ट गावात ढीगभर, माझ्याकडेही एक आहे. मग खाली पाहिलं. तोच घातला होता.

पुढचा काही वेळ नीट आठवत नाही. ड्वेन पोलिसांना बोलवा म्हणाला. मी सांगत होतो की मी काही नेलं नाही, सगळं इथेच आहे, फक्त जिथे असायला हवं तिथे आहे. मालक म्हणाले, अहो पण ते दुसऱ्याचं आहे! अकराचा माल सव्विसाच्या नावावर विकला जातोय गेले दोन महिने, आणि चोर म्हणून आम्ही गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासतोय! हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. चाळीस माणसांचं सामान मला एकाच घरातलं वाटत होतं.

अर्लिस म्हणाली, पोलीस नकोत. ह्यांनी जुळवलंय, हेच वेगळं करून देतील. आणि तिने दुकानाच्या दाराला पाटी लावली, बंद म्हणून.

दिवसभर तेच केलं. एकेक जोडी मी सोडवली. काय कुठून आणलं, कितीची चिठ्ठी होती, सगळं लक्षात होतं. अर्लिस शेजारी उभी राहून नव्या चिठ्ठ्या लिहीत होती. ड्वेन मागून खोकं धरून. कप आठात, बशी तेहेतिसात. कोंबडी उचलताना मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाला चिनी मातीच्या कोंबडीपायी. अर्लिसने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शेवटी हातमोजे. उजवा एकतिसात, डावा तिनात.

दाराशी तिने माझा कोट काढून दिला, बाह्या घालायला मागून धरला. म्हणाली, माझी नोकरी राहिली, व्हर्लिन. पण तुम्हाला आता आत घेता येणार नाही. मालकांचं तसं ठरलं आहे. मला वाईट वाटतं.

म्हणजे चोर पकडून तिची नोकरी वाचवायची ही प्रतिज्ञा पुरी झाली. राहिलं होतं ते फिश फ्राय. ठरवलं होतं, म्हणून विचारलं.

तिने माझ्या कोटाची कॉलर सारखी केली. मग अगदी हळू म्हणाली, अहो, शुक्रवारी मी ड्वेनबरोबर जाते. दोन वर्षं झाली. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? साऱ्या गावाला माहीत आहे.

ड्वेन मागे खोकं घेऊन उभा होता. पहिल्यांदाच त्याने मान खाली घातली.

घरी येऊन विचार केला. त्या दोघांना मी रोज पाहत होतो. ती उंच, तो बुटका. ती मोजून बोलणारी, तो बोंबल्या. माप कुठेच जुळत नाही. ते काही फार टिकायचं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल थँक्सगिव्हिंग. टर्कीऐवजी सूप.

आज संध्याकाळी सहज फिरायला बाहेर पडलो. सहज सपर क्लबवरून गेलो. आत गर्दी, काचेवर वाफ. दोघं खिडकीशी बसली होती. ताटं आली. तिने न विचारता आपला कोलस्लॉ त्याच्या ताटात सरकवला. त्याने न बघता आपला राय ब्रेड तिच्या ताटात ठेवला. बोलणं दुसऱ्याच कशाबद्दल तरी चाललं होतं.

थंडीत बराच वेळ उभा होतो. पुन्हा पुन्हा पाहिलं. कुठे काही चुकलेलं सापडलं नाही.

जोडी बरोबर आहे.

घरी आलो.