सालेमचे चार चहा

बौशर, मुलाच्या घरी, शुक्रवार, संध्याकाळ

सूर गावापर्यंतची किनाऱ्याची सहल झाली. समुद्र काय निळा होता! पण मला सकाळपासून एकच घोर. शुगरमुळे मला तासभरही लघवी धरवत नाही, बस परक्या लोकांची, आणि सुनेसमोर सांगायचं कसं?

सांगावं लागलंच नाही. गाईड सालेम दर पेट्रोल पंपावर बस थांबवायचा. "चलो बाबा, हम चाय लेगा." तो चहाला, मी बाथरूमला. किती चहा पितो हा, असं वाटून हसूही आलं.

उतरताना त्याच्या सीटपाशी चार पेले दिसले. चारही भरलेले, झाकणंसुद्धा न उघडलेली.

"सालेम, चाय?"

तो हळूच म्हणाला, "बाबा, मेरे को भी शुगर है."

मी तर त्याला काहीच बोललो नव्हतो. देव त्याचं भलं करो.