पोटातला फुगा

प्रिय झुमुर,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझ्या हातून ती बाळंतीण वाचली, तरी तिच्या सासूने भर आरोग्य केंद्रात तुला बेशरम म्हटलं, सुनेच्या अंगात कंडोम घातला म्हणून गावभर बोंब ठोकली, आणि तू नर्सची नोकरी सोडून घरी यायचं म्हणतेस. ये बाई, घर तुझंच आहे. पावसाने हाओरचं तळं भरून पाणी उंबऱ्याशी आलंय, दुपारी सगळं गाव त्यावर डुलतंय असं वाटतं. पण आधी हे वाच.

तुझा भाऊ मासुम झाला तेव्हा असंच पाणी होतं. वार पडली, पण रक्त काही थांबेना. तुझी दादी म्हणाली, "वाहू दे गं, वाईट रक्त आहे, साचलं तर बाधेल." आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या तसं म्हणतात. गोधडी भिजली, दुसरीही भिजली. मला मात्र छान वाटत होतं बघ. दुखणं नाही, भीती नाही. वाटलं, मी पाण्यावर पडलेय, कमळाचे देठ पाठीला लागताहेत आणि कुणीतरी मला हळूहळू पलीकडे नेतंय. माझे पाय गार लागले तेव्हा तुझ्या अब्बांनी आईचंही न ऐकता मला होडीत घातलं.

केंद्रात हसना आपा नर्स होती. औषधं झाली, पोट चोळून झालं, रक्त चालूच. रक्त थांबवायला गर्भाशयच काढायचं, तर सिलेटच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागणार, आणि मी वाटेतच गेले असते. आपाने रबरी नळीला कंडोम बांधला, आत सरकवला आणि त्यात सलाइनचं पाणी सोडलं. दादीने तो लगेच ओळखला. कुटुंब नियोजनवाली बाई वाटून जायची ते गावातली पोरं फुगवून खेळायची ना! "अगं निर्लज्जे, पोरांचं खेळणं बाळंतिणीच्या पोटात भरतेस?" आपा म्हणाली, "खाला, आतून दाब बसला की रक्त थांबतं. शिव्या नंतर द्या, आधी तिचे पाय धरा." दादीने पाय धरले, शिव्याही दिल्या.

मग ते पाणी, ते देठ, सगळं दूर गेलं. थंडी वाजली, दुखलं, तहान लागली. इतका राग आला म्हणून सांगू! घरी पुढे कुणी त्या फुग्याचं नाव काढलं नाही. पीरबाबाच्या पाण्याने वाचली, असं दादी सांगायची, आणि मीही मान डोलवायचे.

आज लिहितेय, कारण तुला हे कुणी सांगितलेलंच नाही. त्या दिवशी माझं गर्भाशय राहिलं, म्हणून पुढे त्यातच तू आलीस. नोकरी सोडायची तर सोड. पण त्या म्हातारीच्या सुनेला आधी एकदा भेटून ये. ती बाळाला पाजत असेल.

तुझ्या वाटेकडे आणि तुझ्या हातांकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आम्मा