मागच्या दाराखालचा पाट

मुलुंड (पूर्व)
२४ ऑगस्ट १९८६

ती. जानकीवन्सं यांस,
नीलाचा शि. सा. न. वि. वि.

आपल्याकडे गाडी आली आहे. गाडी म्हणजे जीप. हसू नका. रंग फिक्का पिस्ता, वरती लोखंडी टप, मागे समोरासमोर दोन बाकं आणि पाठीमागे एक दार. नऊ वर्षं वापरलेली आहे. दिंडोशीच्या शिवदास नावाच्या गृहस्थांकडून घेतली. फार सज्जन माणूस. किल्ली देताना मात्र त्यांचा हात जरा रेंगाळला आणि ते दोनदा मागच्या दाराकडे बघून आले.

छप्पन्नाव्या वर्षी तुमचे बंधू गाडी शिकले, हे मी तुम्हाला मुद्दामच कळवलं नव्हतं. कुंपणाची एक फळी गेली, बाकी सगळे सुखरूप आहेत. सकाळी जीप चालू व्हायला कुरकुरते. मग पहिल्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश लुंगीवरच धक्का मारायला येतात आणि वर म्हणतात, काका, यापेक्षा बैल घ्यायचा होता. हे रागावत नाहीत. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीजवळ ती उभी असते आणि हे चहाचा कप घेऊन तिच्याभोवती फिरतात.

एवढी थोरली गाडी कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, सगळे मावतील. सगळे म्हणजे कोण? आम्ही दोघंच तर आहोत. पण घेण्याआधी त्यांनी शिवदासना एकच प्रश्न विचारला होता : गुडघे दुखणाऱ्या बाईमाणसाला मागे बसता येईल का? आणि काल जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, की पवईवरून बोरिवलीला किती वेळ लागत असेल. चार वर्षांत त्यांच्या तोंडून बोरिवलीचं नाव ऐकलं नव्हतं, वन्सं. म्हणून लिहिते आहे.

तब्येतीला जपा. माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
नीला

बोरिवली
२ सप्टेंबर १९८६

चि. सौ. नीला हीस,
जानकीचे अनेक आशीर्वाद.

तुझं कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी घोटून घेतलेलं अक्षर बघितलं की पत्र न वाचताच बरं वाटतं. आईने तुला शि. सा. न. वि. वि. शिकवलं तेव्हा तू त्याखाली पट्टीने रेघ मारली होतीस, आठवतं?

जीप आली, आनंद आहे. धक्का मारणाऱ्या शेजाऱ्याला माझ्यातर्फे बेसनाचा लाडू दे. पण मी त्या गाडीत बसणार नाही. तुला कारण ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखं करतेस. आई माझ्याकडे पंधरा दिवसांसाठी आली होती. रविवारी टॅक्सी घेऊन न्यायला येतो, असं नंदूने कळवलं. ती पिशवी भरून, नऊवारी नेसून पायरीवर बसली. तो आला नाही, ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारी पुन्हा बसली. तिसऱ्या रविवारी दिवे लागले तरी उठेना. मी हात धरला तर म्हणाली, येतलो गो तो. बुधवारी गेली. नंदू आला तो खांदा द्यायला.

त्याच्याशी माझं भांडण नाही. बोलणं नाही, एवढंच.

तू येत जा. तुझ्यावर माझा जीव आहे तो कमी व्हायचा नाही.

तुझी,
जानकी

मुलुंड
१४ सप्टेंबर १९८६

ती. जानकीवन्सं यांस,
नीलाचा शि. सा. न. वि. वि.

गणपती छान झाले. सोसायटीची मूर्ती आपल्या जीपमधूनच आणली आणि हे त्या दिवशी इस्त्रीची टोपी घालून बसले होते. आता जे लिहिते ते वाचून मला वेडी म्हणू नका.

जीपमध्ये कुणीतरी आहे.

पहिल्यांदा मला वाटलं, की गाडी जुनी, म्हणून एका अंगाला कलते. मागचा डावा कोपरा सदा दबलेला. मेकॅनिकने स्प्रिंगा काढून बघितल्या, काही दोष नाही म्हणाला. मग वास येऊ लागला. तपकिरीचा. बाकं धुतली, ऊन दाखवलं, तरी संध्याकाळी दार उघडलं की ताज्या तपकिरीचा वास. आणि प्रत्येक वेळी आम्ही घरी येऊन उतरलो, की गाडी थोडी हलते. कुणी उठायचा प्रयत्न करावा आणि पुन्हा खाली बसावं, तशी.

मी घाबरले. हे घाबरले नाहीत. वास आला त्या दिवशी ते स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आई आहे. तिला न्यायला गाडी आली नव्हती ना, म्हणून आता येऊन बसली आहे.

वन्सं, त्या दिवसापासून हा माणूस बदलला आहे. रोज चहानंतर मागच्या बाकावर जाऊन बसतात. ऑफिसातलं, शेजाऱ्यांचं, माझ्या बिघडलेल्या आमटीचं सगळं सांगत असतात. चार वर्षांत प्रथमच शांत झोपताहेत. सासूबाई तपकीर ओढत, हे खरंच आहे. पण एक गोष्ट मनाला टोचते. आरतीला आलेली शेजारची पाच वर्षांची जयंती जीपमध्ये चढली आणि लगेच उतरली. का गं, विचारलं तर म्हणाली, त्या आजोबांचे पाय मध्ये येतात.

आजोबांचे, वन्सं. मी यांना सांगितलं नाही. तुम्हीच काय ते सांगा. दूर असलात तरी हात सोडू नका.

तुमची,
नीला

बोरिवली
२२ सप्टेंबर १९८६

चि. सौ. नीला हीस,
जानकीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वेडी नाहीस तू. पण ती आई नव्हे.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. दुसऱ्या रविवारी पायरीवरून उठून आत आल्यावर आईने तपकिरीची डबी माझ्या हातात दिली. देवासमोर म्हणाली, नंदू न्यायला येईल तेव्हाच ही उघडीन. चाळीस वर्षांची सवय. पुढचे दहा दिवस तिचं डोकं ठणकत होतं, पण तिने डबीला हात लावला नाही. गेली तेव्हाही डबी बंद होती. अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे, झाकण घट्ट लावलेली.

आईने एकदा बोललेला शब्द मोडला असता, असं तुला वाटतं का? नंदू न्यायला आलेला नाही. मग ती तपकीर ओढणार नाही, गेल्यावरही नाही.

हे नंदूला सांगू नकोस. मी रागावले असले, तरी एवढी दुष्ट नाही. पण तुमच्या गाडीत जो कुणी म्हातारा आहे, तो कुणाचा तरी बाप असेल. तपास कर.

माझा आशीर्वाद तुझ्या पाठीशी सदाचा आहे.

तुझी,
जानकी

मुलुंड
५ ऑक्टोबर १९८६

ती. जानकीवन्सं यांस,
नीलाचा शि. सा. न. वि. वि.

मैत्रिणीकडे जाते असं खोटं सांगून दिंडोशीला जाऊन आले. शिवदासनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, की तपकिरीचा वास येतो का.

त्यांचे वडील भाऊराव. गिरणीत जन्म गेला. शेवटची सात वर्षं जीपच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात बसून संध्याकाळी फेरी मारायची, हा त्यांचा एकच शौक. जीपची पायरी उंच. उतरताना दाराखाली लाकडी पाट ठेवावा लागे. म्हातारे फार मानी. कुणी काखेत हात घातलेला खपत नसे. पाट ठेवा, माझा मी उतरतो, असं म्हणायचे. पाट येईपर्यंत अर्धा तास गेला तरी बसून राहायचे.

एक दिवस छातीत दुखू लागलं. शिवदासनी त्यांना घाईने जीपमध्ये घातलं आणि पाट घरीच राहिला. इस्पितळाच्या दारात भाऊराव एवढंच म्हणाले, पाट. शिवदास म्हणाले, बाबा, आता कसला पाट! लोकांनी त्यांना उचलून बाहेर काढलं, तेव्हा ते गेलेले होते. वन्सं, पन्नाशीचा माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. म्हणाला, माझे बाबा स्वतःच्या पायांनी उतरले नाहीत हो, त्यांना सामानासारखं काढलं. पाट त्यांच्या न्हाणीघरात बादलीखाली होता. त्यांनी तो धुऊन, पुसून माझ्याकडे दिला. स्वतः यायचं धैर्य नाही म्हणाले.

पाट आता माझ्या पलंगाखाली आहे. तो दाराखाली ठेवायचा, एवढंच काम. पण तसं केलं, की भाऊराव उतरून जातील, आणि यांना वाटेल, की आई दुसऱ्यांदा गेली. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की खरं तेच बोलावं. खरं बोलून माणूस मोडतो त्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. काय करू?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
नीला

बोरिवली
९ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. नीला हीस,
अनेक आशीर्वाद.

ताटकळत बसलेलं म्हातारं माणूस मी तीन रविवार बघितलं आहे. दुसऱ्या कुणाला तसं बसवून ठेवून माझ्या भावाला सुख नको. पाट ठेव. आणि लपून ठेवू नकोस, नंदूच्या हातून ठेव.

तुझी,
जानकी

मुलुंड
१६ ऑक्टोबर १९८६

ती. जानकीवन्सं यांस,
नीलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसं केलं. दसऱ्याला जीपला झेंडूचं तोरण बांधलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग मी यांना भाऊरावांची गोष्ट सांगितली. सासूबाईंच्या डबीचं तेवढं सांगितलं नाही. ऐकताना ते एकदाच म्हणाले, मग रोज मी कुणाशी बोलत होतो? थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, महिनाभर त्या बिचाऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

मग उठले, मागचं दार उघडलं, पाट ठेवला. सरळ बसला आहे ना, हे हाताने दाबून बघितलं. आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. हात पुढे केला नाही. स्प्रिंग कुरकुरली, डावा कोपरा सावकाश वर आला. पाट किंचित दबल्यासारखा वाटला. बस्स. वास गेला. जीप सरळ उभी आहे.

पण तेव्हापासून हे जीपकडे फिरकलेले नाहीत. टाकीजवळून जावं लागू नये म्हणून मागच्या फाटकाने ऑफिसला जातात. काल म्हणाले, ती मुळी आलीच नव्हती, नीला. कशी येईल? तिला न्यायला अजूनही कुणी गेलेलं नाही. गाडी विकून टाकू म्हणताहेत.

वन्सं, तीनेक आठवड्यांनी भाऊबीज आहे. चार वर्षं तुम्ही बोलावलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज मागते आहे.

तुमची,
नीला

बोरिवली
२० ऑक्टोबर १९८६

चि. सौ. नीला हीस आशीर्वाद.

भाऊबीजेला या. ओवाळल्यावर चार दिवस मुलुंडला येईन. पाट आणायला विसरू नका, माझे गुडघे गेले आहेत. नंदूला सांग, दुपारी चार म्हणजे चार.

जानकी

बोरिवली
१० नोव्हेंबर १९८६

चि. नंदू यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

चार वर्षांनी तुझं नाव वरती लिहिते आहे. चार दिवस चांगले गेले. नीलाची आमटी तू म्हणतोस तेवढी वाईट नाही.

भाऊबीजेला जे झालं ते आपण तिघांनी पाहिलं आणि उघड कुणीच बोललं नाही. म्हणून लिहिते. तू पावणेचारलाच आलास. मी ओवाळलं, मग तू माझ्या पायरीसमोर जीप लावून पाट ठेवलास. मी चढून बसले. तू पाट उचलायला वाकलास आणि जीप पुन्हा दबली. अगदी थोडी, आई होतीच केवढीशी. तू वाकलेलाच राहिलास. नीलाने पुढून विचारलं, झालं का? मी बाकावर का सरकले, हे नीला मला नंतर विचारत होती. मला कुणी सरकायला सांगितलं म्हणून नव्हे रे. तिला खिडकीची जागा लागायची, एवढंच आठवलं.

पवईच्या तलावापाशी तू तीनदा शिंकलास आणि गाडी बाजूला घेतलीस. आता ऐक. आईने दुसऱ्या रविवारी देवासमोर शब्द दिला होता, की नंदू न्यायला येईल तेव्हाच तपकिरीची डबी उघडीन. हे मी तुझ्यापासून लपवलं होतं, तुला आणखी दुखवू नये म्हणून. थोडं रागानेसुद्धा. ती डबी त्या दिवशी माझ्या पिशवीत होती. पिशवीचे बंद बांधलेले होते.

मुलुंडला तू पाट ठेवलास, मी उतरले, आणि तू पाट उचलला नाहीस. शेजारचे चंद्रप्रकाश म्हणत होते, काका, वाट अडवलीत. तू दोन पावलं मागे सरून उभा राहिलास, भाऊरावांसाठी राहिला होतास तसाच. जीप सावकाश वर आली. तू अगदी हळू म्हणालास, सावकाश. मी ऐकलं.

गाडी विकू नकोस.

डबी मी तुमच्याकडच्या आईच्या कोनाड्यात ठेवून आले आहे. ठेवताना बघितलं, झाकण उघडं होतं. ते लावू नकोस.

तुझी,
ताई