दाभोळच्या पायरीवरच्या चपला

बाबा, मी आईला समुद्र दाखवून आणला. तुम्ही असता तरी या वेळी विचारलं नसतं.

बारावीनंतर मी जहाजावरच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायचं म्हणाले, तेव्हा तुम्ही आर्वीच्या आपल्या दुकानात कुणाला तरी मोटरपंपाचा पट्टा काढून देत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुले पाण्याचं काय समजते? आपली नदी उन्हाळ्यात दिसत नाई, अन् हे जहाजावर चालली." गिऱ्हाईकं हसली. मीही हसले, कारण मला तिथे रडायचं नव्हतं. मग नागपूरला मेकॅनिकल केलं. आता पुण्यातल्या कारखान्यात पंपांची चाचणी घेते. म्हणजे पाण्याशीच काम आहे, पण पाइपातल्या.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला निघालो. बोटीवर चढताच आई गाडीतून उतरून थेट कठड्याशी गेली. इंजिन सुरू झालं, पायाखालचा पत्रा थरथरला आणि तिने माझा दंड धरला.

"तुह्या बाबाले हे आवडलं नसतं."

"म्हणूनच आलो."

तिने कठड्यावरून वाकून खाडीचं पाणी पाहिलं. मग म्हणाली, "मले तं आवडून राह्यलं." इतक्या वर्षांत तिला काय आवडेल हे तुम्ही कधी विचारलंत का? मीही विचारलं नव्हतं, पण मी निदान तिकीट काढलं.

दाभोळ एके काळचं मोठं बंदर. आता काठाजवळ जुनी दगडी मशीद आहे, होड्या आहेत आणि सुकत्या मासळीचा वास, ज्यामुळे आईने नाकाला पदर लावला आणि थोड्या वेळाने काढला. धक्क्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर चपला काढून आम्ही पाण्यात उतरलो. आईने पाणी डोळ्यांना लावलं, वर्धा नदीचं लावते तसंच. पुढे काठाकाठाने गेलो, कोळंबी निवडणाऱ्या बायकांशी बोलत बसलो. परतलो तर पायरी पाण्याखाली आणि चपला नाहीत.

"भरती लागलीय, दिसत नाय?" टोपली घेऊन चाललेली कोळीण थांबली. "खालच्या पायरीवर कोण ठेवतं गो? कुठल्या तुम्ही?"

"वर्ध्याकडच्या," आई म्हणाली.

"तिकडं पाणी चढत नाय?"

"आमच्याकडं वरून येते बाई. खालून नाई चढत."

कोळीण इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. आईही हसली. मी हसले नाही. पंपाचा दाब दशांशापर्यंत सांगणारी मी, फेरीच्या वेळा पाहून आले होते, भरतीच्या नाही. तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तरी सांगते, तुम्ही चूकच होतात. त्या दिवसापर्यंत पाण्याचं मला समजत नव्हतं ते तुम्ही जाऊ दिलं नाही म्हणून. आई दाभोळच्या तापल्या रस्त्यावर अनवाणी चालत गेली, दुकानातून रबरी चपला घेतल्या आणि म्हणाली, "पुन्हा कधी यायचं?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी धक्क्यावर आई चप्पल घालूनच पाण्यात उतरत होती. मी तिला अडवलं. "पाण्यात चप्पल घालून नाई जात," म्हणाले. नदीवर तुम्ही म्हणायचात तसंच.

दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहोत. चपला हातात घेऊ.