बाबांचं पिस्तूल

सांता क्लारा, ऑक्टोबर २००६

शंतनू,

बाबांचं पिस्तूल मी विकलं. बाबा गेल्यावर त्यांचं घड्याळ, पुस्तकं, काहीच तू मागितलं नाहीस. नेत्रा तुला सोडून गेली त्या आठवड्यात मात्र फोनवर विचारलंस, "आई, बाबांची गन आहे ना अजून? लोडेड आहे?"

मी म्हटलं, सापडत नाहीये रे. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेसनी शिकवलेला खरेपणा त्या एका वाक्यात संपला.

बंदुकांचा दुकानदार भला होता. म्हणाला, "मॅडम, मुलगा आहे ना? मग त्यालाच द्या. आई-मुलामध्ये दुकानातून जावं लागत नाही, चौकशीसाठी दहा दिवस थांबावं लागत नाही. फॉर्म पोस्टात टाकला की झालं." कॅलिफोर्नियाच्या कायद्याला आपल्यावर केवढा भरवसा. मी म्हटलं, "नको, परक्यालाच द्यायचंय."

घेणारा निवृत्त पोस्टमन होता. मुठीच्या खाचेतलं लाल पाहून दचकला, "रक्त आहे का?" म्हटलं, कुंकू आहे. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्राची पूजा करतात, माझा मुलगा लहानपणी बोट बुडवून लावायचा. तो हसला. त्याची चौकशी होईल, मगच त्याच्या हातात पडेल. तुला कोणीच अडवलं नसतं.

हे वाचलंस तर म्हणशील, आईचा माझ्यावर विश्वास नाही. नाहीच. म्हणून पत्र पाठवत नाही, उद्या सकाळच्या विमानाने स्वतःच सॅन डिएगोला येतेय. कितीही चिडलास तरी दार तेवढं उघड.

तुझी नकोशी,
आई